शिंगाडा थांबत न्हाय

ज्वारी वाळली तरी चार दिवस उभ्या ताटावर दम धरते. तूर तर पंधरा दिवस उभी राहील. शिंगाड्याचं तसं नाही. तो पिकला की देठ सोडतो आणि सरळ तळाला जातो, मग तुमच्या घरी लगीन असो नाहीतर मयत. एवढं आमच्या भोईआळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आण्णासाहेब देशमुखांना ठाऊक नव्हतं असं लोक अजून म्हणतात. मला विचाराल तर चांगलं ठाऊक होतं.

मी सटवा भोई. जर्मनच्या लढाईची वर्षं होती ती. वर निजामाचं राज्य, आणि आमचं गाव लोहाऱ्यापासून तीन कोसांवर. घरात आम्ही चौघं. आई तुळजाबाई, थोरला भाऊ कोंडीराम, वहिनी प्रेमाबाई आणि मी. बा मागंच गेलेला. गावात भोयांची घरं तीन आणि कामाला धडधाकट गडी सहा. उगवतीला तळं.

तळं देशमुखांचं, त्यात शिंगाडा लावायचा हक्क आमचा. हक्क कशाचा, तर देशमुखांच्या मेण्याला आम्ही खांदा द्यायचा त्याचा. वाड्यातल्या बायकांनी गावाबाहेर पाऊल टाकायचं तर तांबड्या पडद्यांच्या मेण्यात बसून, आणि मेणा भोयांच्या खांद्यावर. माझ्या पणज्याच्या आधीपासून हे असंच चाललेलं. खांद्यापायी तळं, असं आमच्यात म्हणायचे. दादाच्या उजव्या खांद्यावर दांड्यानं एवढा मोठा गट्टा आला होता की अंगरखा त्या बाजूला कायम उचललेला दिसायचा.

त्या साली सरकारनं लेव्हीचा गल्ला असा खरडून नेला की शेतकऱ्याच्याच कणगीचा तळ दिसायला लागला. मग आम्हाला बलुतं कोण घालणार? घटस्थापनेला आमच्या घरात दोन पायल्या ज्वारी होती, तीही किडकी. बाकी वर्ष काढायचं ते शिंगाड्यावर. लोक एकादशीला शिंगाड्याचा शिरा करतात, तूप-साखर घालून, आणि उपास घडला म्हणून देवापुढं हात जोडतात. आम्ही तेच पीठ पाण्यात शिजवून मीठ घालून खायचो. त्यात मूठभर ज्वारीचं पीठ पडलं तर भाकर थापता येते, नाहीतर तव्यावर मोडते. पण अंगाला लागतं, हे खरं. गावात कुणी बाळंत झाली की आई न बोलावता शिंगाड्याच्या लापशीचं भांडं घेऊन जायची. देशमुखांचा कारभारी कल्याणप्पा, त्याची लेक शिवम्मा त्याच उन्हाळ्यात माहेरी बाळंत झाली होती. अंगावर दूध येईना. आईनं सव्वा महिना लापशी पोचवली, पोर कसं टरारून उठलं. कल्याणप्पा माणूस वाईट नव्हता. पण कारभारी होता.

कोजागरीला सात-आठ दिवस उरले होते. पहिला तोडा आम्ही काढला होता आणि रिवाजाप्रमाणं पहिली पाटी वाड्यावर पोचती केली होती. दुसऱ्या तोड्याचा शिंगाडा भरून आला होता. दादानं पाण्यात उतरून दोन-चार वेल उलटे करून बघितले, देठ हाताला सैल लागत होते. तो म्हणाला, "चार दिस. पाचव्या दिसाला गाळात." त्याच सकाळी वाड्यावरून बोलावणं आलं.

दादा आणि मी गेलो. ओट्याखाली नुकतीच फरशी धुतली होती, तिथंच ओल्यात उभं राहायचं होतं. आण्णासाहेब झोपाळ्यावर बसले होते आणि मांडीवर ताटली घेऊन उकडलेले शिंगाडे खात होते. आमचेच. दातानं फोडायचे, गर खायचा, टरफल समोर फेकायचं.

"परवा उजाडायला निघायचं," ते म्हणाले. "द्वारकाबाईंचा नवस आहे. कोजागरीला तुळजापूर. सहाही जण या. मेण्याच्या दांड्याला तेल लावून ठेवा."

द्वारकाबाई म्हणजे त्यांची सून. तीन दिवस जायला, दोन दिवस तिथं मुक्काम, तीन दिवस यायला. मी मनात मोजलं, आठ दिवस.

दादा म्हणाला, "जी. पर दुसरा तोडा आलाय. चार दिसात न्हाय काढला तर समदा गाळात जाईल. वाड्यात दमणी हाय, बैलं ताजी हायत. सूनबाई दमणीतनं एका दिसात पोचत्याल."

"देशमुखांची सून दमणीतून नवसाला जाईल?"

"मग चार दिस थांबावं जी."

"कोजागरी थांबते का तुझ्यासाठी?"

"कोजागरी थांबत न्हाय, ते खरं. शिंगाडा बी थांबत न्हाय."

आण्णासाहेबांनी एक शिंगाडा फोडला आणि टरफल फेकलं. ते दादाच्या पावलावर पडलं, काट्याच्या बाजूनं. दादानं पाय हलवला नाही. आण्णासाहेब म्हणाले, "शिंगाडे गोड आहेत रे यंदा, कोंड्या." आणि झोपाळ्याला पायानं रेटा दिला. म्हणजे बोलणं संपलं.

घरी आलो तर आई कोयत्यानं वाळलेले शिंगाडे फोडत होती आणि वहिनी दळत बसली होती. घरभर पांढरी भुकटी. आढ्याखाली आडवा टांगलेला दांडा, त्यावर आईचं लुगडं वाळत घातलेलं, त्यावरही भुकटी. दादानं सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तीन वाक्यं बोलला.

मी म्हणालो, "जाऊ या, दादा. आठ दिसाचं तर हाय. वाकडं घेतलं तर तळंच जाईल."

खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो. वीस वर्षांचा होतो, माघात लगीन ठरलेलं.

वहिनीनं जातं थांबवलं. "आन आठ दिसांनी येऊन खायाचं काय, भावजी?"

"दोन पायल्या ज्वारी हाय की."

"ती कवाच दीड झाली. तुमी जेवताना मोजत न्हाय, म्या मोजते." मग ती दादाकडं न बघता आईला म्हणाली, "आत्याबाई, यांनी जावं मेण्याला. तोडा म्या काढते. सांगडीवर बसाया काय लागतंय?"

आईचा कोयता वरच्या वर थांबला. सांगड म्हणजे दोन मोठी मडकी, तोंडं बांधून पालथी घातलेली, त्यांच्या मधोमध बांबूची चौकट. तीवर बसून हातानं पाणी मारत वेलांमधून फिरायचं. आषाढात रोप लावायला बायकाच कमरेएवढ्या पाण्यात उतरतात, पायाच्या अंगठ्यानं रोप गाळात दाबतात. पानावरची तांबडी कीड बायकाच वेचतात. पण सांगडीला बाईचा पाय लागू द्यायचा नाही, लागला तर तळं आटतं, असं आमच्यात होतं. कुणी ठरवलं, विचारायची सोय नव्हती.

"गप," आई म्हणाली. "आसलं काय बोलू ने."

दादा भिंतीला टेकून खांद्यावरचा गट्टा चोळत बसला होता. तो म्हणाला, "सटवा, दोनी घरी सांगून ये. उद्या उजाडायला समद्यांनी सांगडी काढायच्या. परवा बी. तोडा सरंस्तवर कुनी भायेर येनार न्हाय."

"आन मेणा?" आईनं विचारलं.

"मेण्याला पाय फुटले तर जाईल आपला आपन."

आईनं कोयता खाली ठेवला. मग उठून कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीपाशी गेली. त्या पेटीत एक जरीकाठी पटका होता. बा मेण्याखाली गेला, नळदुर्गाच्या उताराला. पावसाळी वाट, पाय घसरला, गुडघा दगडावर फुटला. पण खांदा सोडला नाही, मेणा टेकू दिला नाही. जखम चिघळली, दीड महिन्यात खेळ आटपला. आत बसलेल्या बाईसाहेबांना धक्काही लागला नाही म्हणून वाड्यानं तो पटका दिला होता, बा हयात असतानाच. त्याला तो डोक्याला बांधायचं जमलं नाही.

आई पेटीवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या बानं खांदा सोडला न्हवता, कोंडीराम."

"म्हनून तर म्या सोडतो, आये."

दुसऱ्या दिवशी फटफटायला सहा सांगडी पाण्यावर होत्या. आश्विनातलं पाणी सकाळी असं गार असतं की मांड्या बधिर होतात, आणि दहा वाजता वरून ऊन असं तापतं की पाठ सोलते. खालचं अंग थंडीत, वरचं उन्हात. वेल उचलायचा, उलटा करायचा, चार-पाच शिंगाडे चिमटीत धरून तोडायचे, वेल पुन्हा पाण्यावर सोडायचा. शिंगाड्याला दोन शिंगं, शिंगाच्या टोकाला काटा. तासाभरात बोटं भोसकून निघतात, पाण्यात रक्त वाहून जातं म्हणून कळत नाही. कमरेच्या झोळीत माल भरला की काठाला जायचं, बायकांकडं झोळी रिकामी करायची, परत फिरायचं.

त्या दिवशी कुणी आलं नाही. मेणा दुसऱ्या दिवशी निघायचा होता ना. दुसऱ्या दिवशी मात्र ऊन चढायला कल्याणप्पा बांधावर आला. कपाळावर विभूती, हातात छत्री, घामेजलेला.

"कोंडीराम, भायेर ये. सरकारांनी बोलावलंय."

दादा तळ्याच्या मध्यात होता. तो तिथूनच म्हणाला, "बोला तितूनच, आप्पा. पान्यावर चांगलं ऐकू येतंय."

"मेणा दारात ठिवलाय. सूनबाई आत बसल्यात. ऊन व्हायलंय त्यास्नी."

"उतरा म्हनावं. पाय दिल्यात की देवानं."

सहा सांगडींवर सहा जण हसलो. मीही हसलो, आणि हसता हसता अंगठ्यात काटा घुसला. कल्याणप्पानं इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. बांधावर आता बरीच माणसं जमली होती.

"लेका, बऱ्या बोलानं ये. खांदा न्हाय तर तळं न्हाय, ठावं हाय ना?"

"बेगार बंद झाली म्हनं, आप्पा. कळंबच्या बाजारात म्या सोता कानानं दवंडी ऐकलीय. खुद्द निजामाचा हुकूम. ह्यो हुकूम त्येच्यावरला हाय का?"

आता कल्याणप्पाला राग आला. त्यानं धोतर वर खोचलं आणि तो पाण्यात शिरला. आमच्या तळ्यात भोयाखेरीज कुणी शिरत नाही, त्याला कारण आहे. दुसऱ्याच पावलाला तो गुडघ्याएवढा रुतला, तिसऱ्याला गेल्या सालचा शिंगाडा टाचेत शिरला. कसाबसा मागं फिरला तर एका पायातली चप्पल गाळात राहिली. तो काठावर एका पायावर उभा राहिला. वहिनी पदर खोचून पुढं झाली, दोनदा पाय फिरवला, अंगठ्यानं चप्पल उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या आप्पा," ती म्हणाली. "शिवम्माचं पोर बरं हाय ना?"

कल्याणप्पानं चप्पल उचलली. पायात घातली नाही, हातातच घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी आण्णासाहेब स्वतः आले. बरोबर दोन बैलजोड्या, सोल म्हणजे जाड दोर, आणि आठ-दहा सालगडी. पाण्यावर हुकूम चालत नाही तर पाणीच काढून घेऊ, असा हिशेब. तळ्याच्या बांधाला तळाशी दगडी मोरी आहे. मोरीच्या भोकात लाकडी दट्ट्या, आणि दट्ट्याला जोडलेला उंच दांडा थेट बांधाच्या वर येतो. उन्हाळ्यात खालच्या शेताला पाणी लागलं की दांडा वीतभर उचलायचा, काम झालं की खाली ठोकायचा. ते काम भोयांचं. दट्ट्या पिळत पिळत उचलावा लागतो, हे त्यांना कोण सांगणार? सांगायला आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी दांड्याला सोल बांधला आणि बैल हाकले. दांडा कडाडला. अर्धा तुटून बैलांच्या मागं घासत गेला, आणि उरलेला अर्धा दट्ट्यासकट पाण्याच्या दाबानं मोरीतून पार पलीकडं फेकला गेला. बांधाच्या पलीकडून पाण्याचा असा आवाज यायला लागला की बैल बुजले.

"जाऊ द्या," आण्णासाहेब म्हणाले. "पाणी संपलं की येतील चालत."

पण मोरीच्या खाली शेत कुणाचं? त्यांचंच. तीस एकर काळी, हस्तात ज्वारी पेरलेली, बोट-बोट उगवून आलेली. वीतभर दट्ट्या उचलला तर पाणी पाटानं जातं. दट्ट्याच गेला तर पाणी पाट ओळखत नाही. घटकाभरात सालगडी ओरडत आले, वाफसा गेला, पाणी घोट्याला लागलं, रोप लोळायला लागलं. मग धावपळ. कडब्याच्या पेंढ्या मोरीत कोंबल्या, त्या पलीकडं निघाल्या. पोत्यात माती भरून टाकली, पोतं फाटलं. बाभळीचं एक खोड ढकललं, ते वाकडं, भोकात आडवंच होऊन बसलं आणि बाजूनं दुप्पट पाणी जायला लागलं. ते काढायला पुन्हा बैल लावले.

आम्ही सांगडी काठाला लावून बाहेर आलो होतो. पाणी उतरत होतं हे डोळ्यांना दिसत होतं. कडेचे वेल गाळावर बसायला लागले होते. पाणी सुटलं की वेल दुपारच्या उन्हात मरतो, आणि राहिलेला निम्मा तोडा अजून त्यावर होता. तळं रिकामं झालं तर पुढच्या सालचं बियाणंही गेलं. दादा बांधावर उकिडवा बसून एक हिरवा शिंगाडा सोलत होता.

"दादा, आपलं बी पानी जायलंय," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"येल गाळावर बसले."

"ठावं हाय म्हनतो न्हवं." तो शिंगाडा सोलत राहिला. काटा बोटात शिरला तरी त्याची नजर उतरत्या पाण्यावरच होती, एवढं मी जवळ होतो म्हणून मला दिसलं. त्या वेळी मला त्याचा राग आला होता, हेही सांगून टाकतो.

शेवटी कल्याणप्पा मालकाच्या कानाशी लागला. मग आण्णासाहेब आमच्याकडं वळले. पायातल्या जोड्याला चिखल लागला होता.

"कोंड्या, बघ जरा काय ते."

दादानं सोललेला शिंगाडा तोंडात टाकला आणि चावत राहिला. पाणी बांधापलीकडं धडाडत होतं. गाव सगळं बघत होतं.

"कोंडीराम," आण्णासाहेब म्हणाले.

दादा उठला. मोरीपाशी गेला, वाकून बघितलं, हातानं माप घेतलं. "दांडा पायजे सरकार. बारा हात. सरळ. बाभळ, लिंब चालायचा न्हाय, सागवानाचा पायजे."

"उमरग्याच्या वखारीतून आणवतो."

"आनवा की. गाडी परवा सांजंला येईल. तवर तळं बी न्हाय आन शेत बी न्हाय."

"मग?"

"तसला दांडा गावात एकच हाय."

सगळ्यांना कळलं होतं. कल्याणप्पा जमिनीकडं बघत होता.

"मेण्याचा?" आण्णासाहेबांचा आवाज बारीक झाला.

"आमच्या खांद्यास्नी वळख हाय त्येची. किती जाड, किती लांब, डोळे मिटून सांगू. मोरीत बसंल."

"आणि मेणा कशावर उचलायचा?"

"ते सरकारांनी बघावं. म्या मोरीचं बोलायलोय."

तेवढ्यात खालून एक सालगडी आला, छातीपर्यंत भिजलेला. पाणी कडब्याच्या गंजीला लागलं म्हणाला. आण्णासाहेबांनी हातातली छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"आणा," ते म्हणाले.

मेण्याचा दांडा आला. तेल पिऊन काळाशार झालेला, मधल्या भागाला आमच्या बापजाद्यांच्या खांद्यांनी झिजलेला. पितळी टोपण दादानं दगडानं ठोकून काढलं आणि कल्याणप्पाच्या हातात दिलं. मग टोक तासलं. "टोकाला गुंडाळाया कापड पायजे. जाड, लांब."

"म्या आनते," आई म्हणाली आणि घराकडं गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तो जरीकाठी पटका होता. तिनं तो दादाच्या हातात दिला नाही. स्वतः खाली बसली आणि दांड्याच्या टोकाला घट्ट, पदर पदर करून गुंडाळला, वर सुतळी आवळली. आण्णासाहेबांनी तो ओळखला की नाही, मला सांगता येणार नाही.

दादानं कमरेला सोल बांधला. सोलाचं दुसरं टोक माझ्याकडं. मोरीच्या तोंडाशी पाणी माणसाला ओढतं, पाय गेला तर पाय, डोकं गेलं तर डोकं. त्यानं एकदा आईकडं बघितलं आणि बुडी मारली. बाकी चौघांनी दांडा उभा धरला. दादा खाली टोक भोकाकडं वळवायचा, पाणी ते हिसकायचं. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. चौथ्या खेपेला त्याच्या दंडाची सालपटं निघाली होती. पाचव्या खेपेला सोलाला दोन हिसके बसले. तशी खूण ठरली होती. मी ओरडलो आणि चौघांनी दांड्याला खांदा लावला. मेणा उचलताना आमच्यात एक हुंकार देतात, सगळ्यांनी एकदम. तोच हुंकार दिला. पण त्या दिवशी भार उचलायचा नव्हता, खाली घालायचा होता. दांडा करकरत गेला, हातभर, दोन हात, आणि बसला. बांधापलीकडचा आवाज एकदम कमी झाला. मग लोकांचा आवाज ऐकू यायला लागला.

मी दादाला वर ओढला आणि मागं बघितलं तर तळ्यात सांगडी फिरत होत्या. तीन. आम्ही सहाही गडी इथं, मग सांगडीवर कोण? पुढच्या सांगडीवर वहिनी होती. लुगड्याचा काचा मारलेला, वाकून वेल उलटत होती, हात चुकत होता तरी तोडत होती. मागं दोन्ही घरच्या बायका. दुसऱ्या बायका गाळात उतरून गळालेले शिंगाडे पायानं चाचपून काढत होत्या.

आई कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. मला वाटलं आता हिचं तोंड सुटणार. ती काठाला गेली आणि ओरडली, "प्रेमा, पाय आत घेऊन बस गं. कलंडशील."

आण्णासाहेब जायला निघाले होते. वळून म्हणाले, "खांदा दिला नाहीस, कोंडीराम. तळ्यावरचा हक्क गेला तुझा."

दादाच्या दंडावरून रक्त गळत होतं, दातावर दात आपटत होते. तो म्हणाला, "दिला की, जी. गावादेखत दिला. आता ज्याला हक्क काढायचाय त्यानं आदी दांडा काढावा."

आण्णासाहेबांनी दांड्याकडं बघितलं. बांधाच्या वर कमरेएवढा उभा होता. मग खालच्या शेताकडं बघितलं आणि चालायला लागले.

पुढं काय झालं म्हणाल, तर द्वारकाबाई दमणीतून तुळजापूरला गेल्या आणि कोजागरीच्या आधी एक दिवस पोचल्या. येताना आमच्या आईला कुंकवाची पुडी पाठवली त्यांनी. नव्या दांड्याचं वाड्यात दोनदा निघालं. एकदा लाकूड मिळालं नाही, एकदा भोई मिळाले नाहीत. पुढं निजामाचंच राज्य गेलं. मेणा गोठ्यात पडला, त्यात कोंबड्या अंडी घालायच्या. मी पाहिलेलं आहे.

पण मला सांगायचं ते दांडा मोरीत बसला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. तोडा संपला होता. पाणी निम्म्यावर आलं होतं तरी वेल जगले होते, आणि अंगणभर शिंगाडा पसरला होता. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. आईनं त्या दिवशी ज्वारीचं पीठ जरा सढळ हातानं घातलं होतं, भाकर मोडली नाही. दादाच्या दंडावर हळद. वहिनीच्या बोटांना चिंध्या, तिला भाकर धरता येईना तर आई तिला मोडून देत होती.

मी पाणी प्यायला मान वर केली आणि घास तसाच राहिला. आढ्याखाली आईचं लुगडं वाळत होतं. आणि ज्याच्यावर वाळत होतं तो दांडा बारा हात, सरळ, सागवानी. आज्यानं मोरीसाठी एकाच झाडाचे दोन काढले होते. एक मोरीत घातला, दुसरा कधी मोडलं तर असावा म्हणून वर टांगून ठेवला होता. माझ्या जन्माआधीपासून तो तिथं होता. मी त्याच्यावर पोरपणी लोंबकळलो होतो.

मी दादाकडं बघितलं. तो मन लावून जेवत होता. मग मी आईकडं बघितलं. काल पटका आणायला ती घरात आली होती, पेटी त्या दांड्याच्या बरोबर खाली होती.

"आये," मी म्हणालो, "ह्यो दांडा..."

आईनं माझ्या थाळीत आणखी अर्धी भाकर टाकली.

"खाली बघून जेव," ती म्हणाली.